खळ्यातली पाच झाडं

आमच्या दारात लिंबाचं झाड नव्हतं, तिथून हे सगळं सुरू झालं. लिंबू म्हणजे काय फार मोठी वस्तू नाही. पण आमचे मालक टेम्पो चालवायचे. ओतूरच्या आसपासच्या गावांतून कोथिंबीर, मेथी, टोमॅटो भरायचे आणि माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात नेऊन टाकायचे. टेम्पोला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधायला लागायची. घाटात पोटात ढवळलं तर चोखायला एक खिशात लागायचं. पोह्यांवर पिळायचं ते वेगळंच. आणि प्रत्येक वेळी मी वाटी घेऊन शेजारच्या चुलत जावेच्या दारात उभी. तिच्या परसात लिंबाचं झाड होतं, लगडलेलं.

देत होती बिचारी, नाही म्हणायची नाही. पण एक दिवस लिंबं तोडता तोडता म्हणाली, "अक्का, न्या की, झाड तुमचंच हाय. पर एवढं मोठं खळं तुमचं वसाड पडलंय, त्यात एक काडी खोचायला काय व्हतंय?"

हसत म्हणाली, पण मला लागायचं ते लागलंच. घरी येईपर्यंत मी मनात एक सोडून पाच झाडं लावून टाकली होती. माझं माहेर बोरी बुद्रुकचं. तिथं आमच्या घरामागं पेरू होते, सीताफळं होती, लहानपणी मी कुणाकडं फळ मागितल्याचं मला आठवत नाही. माझ्या लेकरांनी का मागावं?

आता खळं म्हणजे काय ते सांगते, कारण आजकालच्या पोरांनी पाहिलेलं नसतं. घराला लागूनच आमची एक गोल जागा होती. पूर्वी बाजरी-ज्वारीची कणसं तिथं पसरायची, मधोमध एक जाड खांब रोवायचा, त्याला तिवडा म्हणायचं, आणि तिवड्याला बैल बांधून गोल गोल फिरवायचे. बैलांच्या खुरांनी दाणे सुटायचे. त्याआधी दरवर्षी ती जमीन भिजवायची, चोपायची, शेणानं सारवायची. तीन पिढ्या हेच केल्यावर ती जमीन कसली राहते? फरशीच झाली होती ती. पाय आपटला तर टाचेला झिणझिण्या यायच्या.

मग नव्वदच्या आगेमागे मळणीयंत्र गावात आलं. तासाभरात धान्य पोत्यात. बैल गेले, तिवडा काढून दाराला अडसर म्हणून लावला, तिवड्याच्या भोकावर एक धोंडा ठेवला आणि खळं रिकामं पडलं. रिकामं म्हणजे माझ्या हिशेबानं. आमच्या आत्याबाईंच्या हिशेबानं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. तर आत्याबाई दर अमावस्येला त्या रिकाम्या खळ्यावर सडा टाकायच्या आणि तिवड्याच्या धोंड्यापाशी हळद-कुंकू वाहायच्या. त्यांच्यासाठी ती लक्ष्मीची जागा होती. धान्याची रास तिथं लागायची, आणि लग्न होऊन आल्यावर पहिल्या रात्रीची नाही, पहिल्या राशीची आठवण सांगणारी बाई ती.

मी मालकांना पटवलं. कसं ते विचारू नका, दोन महिने लागले. दिवाळी झाली, हातात थोडी उसंत आली, तशी मी एकटीच ओतूरला गेले आणि नर्सरीतून पाच रोपं घेतली. आंब्याचं कलम, चिक्कू, डाळिंब, पेरू आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते लिंबू. टेम्पो नेमका कल्याणला, मग मी एसटीनं निघाले. दोन रोपं मांडीवर, तीन पायाशी.

कंडक्टर आला, बघतच राहिला. "मावशी, ही बाग कुठं निघाली?"

"माझ्याबरोबर माझ्या घरी."

"मंग ह्यांची तिकिटं?"

"मांडीवरच्या लेकराला तिकीट असतंय व्हय?"

"आन ही खाली उभी हायेत ती?"

"ती ह्यांचीच भावंडं."

मागच्या सीटवरची माणसं हसायला लागली. कंडक्टर पण खट, वाकून चिक्कूकडं बघत म्हणाला, "हे जरा मोठं वाटतंय, ह्याचं अर्धं घ्यावं लागंल." घेतलं नाही त्यानं. उतरताना आंब्याचं कलम त्यानंच खाली धरून दिलं. मी एवढी खुशीत होते की घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय याचा विचारसुद्धा मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी टिकाव उचलला. पहिला घाव खळ्यात बसला आणि आतून आत्याबाई बाहेर आल्या. हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"आरं, ज्या खळ्यानं तुला वाढवला त्याच्या छातीवर टिकाव घालतोयस?"

"आये, खळ्यात आता काय हाय? पोरं गोट्या खेळत्यात."

"खेळू दे. गोट्या खेळल्यानं लक्षुमी उठून जात न्हाई. खड्डं पाडल्यानं जाती."

"आत्याबाई, झाडं लावतोय, काय वाईट न्हाई करत," मी म्हणाले. तेवढं मी बोलायला नको होतं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा आणि तोंडाला आवर नसायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं ते. कुणी मनावर घ्यायचं नाही. कोंबडीला "तुझी मान मोडो" म्हणायच्या आणि संध्याकाळी तीच कोंबडी त्यांच्या मांडीशी दाणे टिपायची. पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, "लावा. लावाल ते वाळून जाईल. एक बी झाड ह्या खळ्यात जगायचं न्हाई, माझं बोल ध्यानात ठिवा." आणि आत गेल्या.

मालक थांबले नाहीत, खणत राहिले. खळ्याच्या कडेनं चार खड्डे घेतले. वरचा थर फुटता फुटेना. खाली थोडी नरम माती, आणि कमरेइतकं खोल गेल्यावर परत कडक मुरूम. पहार मारली की टण्ण वाजायची आणि ठिणगी उडायची. मालक घामाघूम. म्हणाले, "बास झालं, झाडाला काय पाताळात जायचंय?" नदीचा गाळ आणि शेणखत भरलं. पाचवा खड्डा मात्र मी माझ्या हातानं घेतला. तिवड्याच्या भोकावरचा धोंडा बाजूला सारला. तिथली माती मऊ, अर्धा खड्डा तयारच. मी आळशी नाही, पण फुकटचं कोण सोडतं? तिथं लिंबू लावलं. आत्याबाईंच्या हळदीकुंकवाच्या अगदी जागेवर. आता आठवलं की माझं मलाच वाटतं, काय बाई धाडस तुझं.

रात्री जेवताना आत्याबाई बोलेनात. मला वाटलं, यांना कसंही करून गोड करावं. मी पोरांना म्हणाले, "हे बघा, आपण पाच माणसं, झाडं पाच. आंबा तुमच्या दादांचा, चिक्कू ताईचा, पेरू बाळाचा, लिंबू माझं आणि डाळिंब आजीचं. ज्यानं त्यानं आपल्या झाडाला पाणी घालायचं."

पोरं वडिलांना दादा म्हणायची. ती उड्या मारायला लागली. लेक तेव्हा पाचवीत होती, लेक म्हणजे मुलगी, आणि धाकटा दुसरीत. दोघांनी भांड्याच्या झाकणांवर नावं लिहून झाडांना अडकवली. मला वाटलं, केवढी मी हुशार. आत्याबाईंच्या नावाचं झाड आहे म्हटल्यावर त्या कशाला वाईट चिंततील? सकाळी एक शाप पडला होता आणि संध्याकाळी मी त्याच्याखाली घरातल्या पाचही माणसांची नावं नेऊन ठेवली होती. हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

संक्रांतीच्या सुमाराला डाळिंब पिवळं पडलं.

म्हटलं, थंडीनं असेल. मग पानं गळाली. पंधरा दिवसांत नुसत्या काड्या. त्याच्यामागं आंब्याच्या पानांची टोकं करपली आणि सगळं कलम मरगळल्यासारखं दिसायला लागलं. मग चिक्कू. पेरूच्या पानावर पण तेज राहिलं नाही. आणि मधोमध माझं लिंबू! बाई, काय सांगू. नवी पालवी, काळीभोर पानं, हात लावला तर घमघमाट. इतर सगळी रडतायत आणि ते आपलं नाचतंय.

लोकांना काय, तेवढंच पाहिजे असतं. पाणवठ्यावर एक जणी मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सून तरारली न् घर वाळलं." मी घागर भरली आणि निघून आले. वाटेत डोळे पुसले. चुलत जाऊ मागून धावत आली. ती मनानं चांगली, पण कानात भलतंच सांगायची खोड. म्हणाली, "अक्का, रागावू नका, पर म्हातारीनं शब्द टाकलाय. शब्द खरा करायला मुळाला मीठ तर घालत न्हाई ना, एकदा बघा."

मी तिला झिडकारलं. पण बी रुजायचं ते रुजलं.

एक गोष्ट मात्र मला आधीपासून खटकत होती. आत्याबाई गप्प झाल्या होत्या. डाळिंबाची पानं गळाली तेव्हापासून घरात त्यांचा आवाज नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं तरी गप्प. पोरांनी चिखलाचे पाय घरात आणले तरी गप्प. कोंबडी थेट परातीत चढली, तिला नुसतं हातानं उडवलं, शिवी नाही. आमच्या घराला त्या आवाजाची एवढी सवय की तो गेल्यावर घड्याळ बंद पडल्यासारखं झालं. लेक मला विचारायची, "आई, आजीला बरं न्हाई का?" मी म्हणायची, "बरंय." पण मला भीती वाटायची. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, कळत नाही ना.

एके दिवशी पहाटे उठले तर त्या अंथरुणात नव्हत्या. मागचं दार लोटलेलं. मी दाराच्या फटीतून पाहिलं. पदराखाली कळशी झाकून त्या खळ्यात फिरत होत्या, आंब्यापाशी बसून काहीतरी ओतत होत्या आणि ओठ हलत होते. म्हटलं, जाऊ सांगत होती ते खरंच की काय.

त्या आत आल्या, चुलीपाशी गेल्या. मी गुपचूप आंब्यापाशी गेले, ओल्या मातीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खरं सांगते, लावलं. खारट नव्हती. विहिरीचं साधं पाणी. मातीला मात्र कुबट घाण वास येत होता. मला वाटलं शेणखताचा असेल. थुंकले, चूळ भरली, आणि आत येऊन त्यांच्या हातातून चहाचा कप घेताना मान वर करवेना. माझ्या नवऱ्याच्या आईवर मी मिठाचा संशय घेतला होता. ती तर पाणीच घालत होती.

पण मग पाणी चोरून का? हे मला विचारायचं होतं आणि विचारायला तोंड नव्हतं.

ते दोन दिवसांनी आपोआपच उघड झालं. शिमगा तोंडावर आला होता. टेम्पोत कोथिंबिरीच्या जुड्या रचलेल्या, वर ओलं गोणपाट टाकलेलं. कोथिंबीर म्हणजे पाहुण्यासारखी, वेळेत नाही निघाली तर तोंड पाडून बसणार. मालक किल्ली शोधत होते. खुंटीवर नाही, सदऱ्यात नाही, गादीखाली नाही. पोरांना दटावलं, पोरं रडायला लागली. मी भाकऱ्या थापायला पिठाच्या डब्यापाशी गेले, वाटीनं पीठ उपसलं तर वाटीत किल्ली.

"अहो, ही इथं कशी?"

आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. चौकटीला दोन्हीकडं हात लावून. "दिऊ नगं ती. आज जायाचं न्हाई त्यानं."

"आये, माल भरलाय."

"माल गेला खड्ड्यात. घाटातनं गाडी न्यायची न्हाई. तुझं झाड आधी हिरवं व्हऊ दे."

मालक हसले. "झाडाचा न् गाडीचा काय संबंध?"

आणि त्या बाईनं तोंडात पदर कोंबला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून, सासरे गेले त्या दिवसाशिवाय, त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "म्या बोलले रे. ह्या तोंडानं बोलले. तवा काय ठाव, त्यावर तुमची नावं चढत्याल. माझं वाळलं, म्हटलं जाऊ दे, माझं पान पिकलंच हाय. पर मंग तुझं वाळाया लागलं. पोरीचं लागलं. रोज पहाटं पाणी घालतीया, माफी मागतीया, पर लक्षुमी ऐकना."

मालक त्यांच्यापाशी उंबऱ्यात बसले. पहाटेचे ते हलणारे ओठ मला आता कळले.

मालक म्हणाले, "आये, तुझं डाळिंब तर कधीच वाळलंय. आन तू काल दीड भाकरी खाल्लीस. मंग झाडाचं न् माणसाचं कुठं जुळलं?"

"मला सांगू नगंस. आज तू जायाचं न्हाई."

"आन कोथिंबीर?"

त्यांनी डोळे पुसले, जरा विचार केला. "शेजारच्याला पाठव." म्हणजे चुलत जावेच्या नवऱ्याला. "त्याच्या नावाचं झाड न्हाई हितं."

मला त्या घडीला पण हसू आलं. चुलत दीर आले, किल्लीवरचं पीठ झटकलं आणि टेम्पो घेऊन गेले. कोथिंबीर वेळेत पोचली. आणि मालक बऱ्याच दिवसांनी उन्हाच्या वेळी घरी होते. त्यांना रिकामं बसवेना. म्हणाले, "चला, ते मेलेलं डाळिंब तरी काढतो. रोज डोळ्यांम्होरं दिसतं म्हणून ही अशी करती."

त्यांनी बुंध्याला धरून ओढलं. वाटलं होतं खणावं लागेल. ते चिखलातून मुळा उपटावा तसं हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत. आणि जो वास आला! पोरांनी नाकं धरली. खड्ड्यात हळूहळू पाणी जमायला लागलं. उन्हाळ्याचं तोंड, आठ महिने पावसाचा थेंब नसावा अशी कोरडी हवा, आणि आमच्या खड्ड्यात पाणी.

आत्याबाई उठून आल्या. ते मूळ हातात घेतलं, नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा बदलला.

"हा तर पेवाचा वास."

पेव म्हणजे पूर्वी धान्य ठेवायला जमिनीत केलेलं भुयार. माझ्या वेळेला ते वापरात नव्हतं, त्यांच्या वेळेला होतं. "पेवात पाणी शिरलं की दाणा असाच कुजतो. वरनं कळत न्हाई. झाकण काढलं की हा वास. आरं, हे वाळलं न्हाई. हे बुडालंय."

"बुडालंय?" मालक म्हणाले. "पाणी तर मी संध्याकाळची एकच बादली घालतो. सगळ्यांना एकेक."

मी म्हणाले, "तुम्ही घालता? मी तर भांड्यांचं पाणी दुपारी घालते. रोज."

लेक म्हणाली, "आमी शाळेतनं आल्यावर दोन-दोन तांबे घालतो. पिवळं पडल्यापासनं चार-चार."

आणि आत्याबाईंची पहाटेची कळशी. झाड पिवळं दिसलं की आम्हाला एकच कळायचं, तहानलंय. पाण्यासाठी डोक्यावर घागरी वाहिलेली माणसं आम्ही. पाणी जास्त होतं हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नसेल.

"मंग लिंबाला पण घालत व्हतो की सगळी," मालक म्हणाले. "ते कसं जगलं?"

आत्याबाई लिंबापाशी गेल्या. बुंध्याभोवतीची माती पायानं चाचपली. मग कपाळावर हात मारला. "आगं बया बया. हा तिवडा न्हवं का? तुझ्या बापानं तिवडा पक्का बसावा म्हणून मुरूम फोडून पार खालपातूर भोक घेतलं व्हतं. आवकाळी पाऊस आला की खळ्यात डबकं व्हायचं. मंग आमी खराट्यानं सगळं पाणी ह्या भोकात लोटायचो. इथंच तेवढं जिरायचं. बाकी खळ्यात थेंब जिरायचा न्हाई. सारी हयात म्या हितं पाणी लोटलं आन मलाच उमगलं न्हाई!"

मग काय, त्यांच्यात वारंच भरलं. पदर खोचला. "पहार आण. आंब्याच्या बुंध्याला धक्का लावू नगंस, कडंनं उतर. अजून खाली. अजून." मालकांनी आंब्याच्या खड्ड्याच्या कडेनं चर घेतला, मुरमाला लागेपर्यंत. मग पहार. टण्ण. टण्ण. आत्याबाई वाकून कान देऊन बसलेल्या. किती घाव घातले कोण जाणे, मालकांच्या हाताला फोड आले, आणि मग आवाज बदलला. टण्ण वाजायची ती पहार भद्द करून वीतभर आत गेली. मालकांनी ती हलवून वर काढली आणि त्या भोकात पाणी फिरायला लागलं. बारकासा भोवरा. गट, गट, गट, असं प्यायल्यासारखं.

आम्ही पाचही जण त्या खड्ड्याभोवती उकिडवे बसलो होतो. पाणी उतरत गेलं, खालचा काळा चिखल दिसला, तरी आम्ही बघतच होतो.

आत्याबाईच पहिल्यांदा बोलल्या. "पाण्यानं मारलं व्हतं रे. म्या न्हाई."

"न्हाई गं आये. तू न्हाई."

"म्या न्हाई," त्या परत म्हणाल्या आणि तिथंच खळ्यात पाय पसरून बसल्या. हसत होत्या का रडत होत्या, सांगता यायचं नाही. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. कारण शाप माझ्या हट्टानं ओढवला होता, नावं माझ्या डोक्यातून निघाली होती. आंब्याकडं बघून मालक घाटात असायचे तेव्हा माझाही जीव कुठं थाऱ्यावर असायचा? बोलत नव्हते एवढंच.

त्याच दिवशी चिक्कूचा आणि पेरूचा खड्डा फोडला. पोरांनी झाकणांवरची नावं काढून टाकली, मीच काढायला लावली. मग पंधरा दिवस कुणी पाण्याचा थेंब घालायचा नाही, असा आत्याबाईंचा हुकूम. तिसऱ्या दिवशी मालक टेम्पो घेऊन निघाले. आंबा अजून पिवळाच होता. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांनी किल्ली स्वतः खुंटीवरून काढून दिली आणि म्हणाल्या, "सावकाश जा. आन येताना कल्याणासनं च्यात बुडवायचं बटर आण." एवढंच. त्या दिवशी घाटाच्या बाजूला एकदाही बघितलं नाही त्यांनी.

चैत्रात आंब्याला तांबूस पालवी फुटली. चिक्कूनं जरा वेळ घेतला, पण तोही सावरला. त्या पालवीच्या सकाळी जावेची शेळी दोरी तोडून आमच्या खळ्यात शिरली आणि थेट आंब्याकडं निघाली. मी आत होते. बाहेरून आवाज आला, "आगं तुझ्या टांगा मोडल्या मेले, तुला वाघानं न्यावं, तुझ्या मालकिणीला डोळं न्हाईत का!" माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मालक दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण, तसेच माझ्याकडं बघून हसले. घरातलं घड्याळ पुन्हा चालू झालं होतं. जावेनं पलीकडून ओरडून विचारलं, "काय झालं ओ आत्याबाई?" त्यावर तिचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

मी त्यांना मिठाचं सांगितलं. तीन वर्षं मनात ठेवलं, मग राहवेना. दोघी आमच्या लिंबाचं पहिलं लोणचं घालत होतो. म्हणाले, "आत्याबाई, मी एकदा झाडाखालची माती चाटली होती. तुम्ही मीठ घालता का बघायला."

त्यांनी फोडी कालवणारा हात थांबवला. मला वाटलं, संपलं आता. त्या म्हणाल्या, "मीठ घालाया म्या काय अख्ख्या झाडाचं लोणचं घालणार व्हते का?" आणि मग, "कशी लागली माती?"

"घाण."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि कालवायला लागल्या.

झाडं सावरली त्या वर्षीच पावसाच्या आधी डाळिंबाच्या जागी दुसरं डाळिंब लावलं. या वेळी आधी मुरूम फोडला. आणि माती भरायच्या आधी आत्याबाईंनी एक भरलेली घागर त्या रिकाम्या खड्ड्यात ओतायला लावली आणि कडेला बसून राहिल्या. मालक म्हणाले, "आये, चल, जेवून घिऊ." त्या हलल्या नाहीत. पाण्याचा शेवटचा थेंब दिसेनासा झाल्यावर म्हणाल्या, "गेलं. लाव आता." तेव्हापासून आमच्या घरात हीच रीत. पुढं सीताफळ लावलं, नारळ लावला, दोन हजार दहाच्या पुढं मुलाच्या नव्या घरामागं जांभूळ लावलं. प्रत्येक खड्ड्यात आधी घागर ओतायची आणि पाणी जाईपर्यंत कुणी उठायचं नाही. अमावस्येचं हळदीकुंकू आत्याबाई लिंबाच्या बुंध्याला वाहायला लागल्या. पण झाडाला माणसाचं नाव मात्र परत कधी दिलं नाही. आंब्याला आंबाच म्हणतो.

त्या डाळिंबाला तिसऱ्या वर्षी फळं धरली. पहिलं फळ मी आत्याबाईंच्या हातात दिलं. पोरं बाजूला बसलेली. त्यांनी चाकू नाकारला, हातानंच फोडलं, चार दाणे तोंडात टाकले, चावले, आणि तोंड वाकडं केलं.

"आग लागो ह्या झाडाला! नुसत्या बियाच की गं!"

क्षणभर आम्ही सगळ्यांनी झाडाकडं पाहिलं. सवयीनं. झाड उन्हात उभं होतं, शेंड्याला दोन लाल फुलं, एक बुलबुल. काही झालं नाही. आत्याबाईंनी पण आमच्या नजरेच्या मागं झाडाकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं.

"बघताय काय? खावा की," म्हणाल्या, आणि शिव्या देत देत अख्खं डाळिंब एकट्यांनी संपवलं.